२५६ घरांची शिरगणती

पहिल्यांदा वाइडबँड सेन्सर बसवलेला माणूस दुसऱ्या दिवशी पहाटेच उठतो. लॅपटॉप शेजारच्या सीटवर, केबल डॅशबोर्डखालून ओढलेली, टाकी फुल, आणि गाडी लोणावळ्याच्या दिशेनं. दुपारी घरी येऊन तो सगळं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला देतो, एक बटण दाबतो आणि पडद्यावरचा इंधनाचा तक्ता डोळ्यांदेखत बदलतो. संध्याकाळी त्याचा फोन येतो. ‘अहो, आधी बरी चालत होती. आता सिग्नलला बंद पडतेय.’

असे फोन मी बरीच वर्षं घेतोय. दर वेळी मी तेच विचारतो. इंजिन किती तापलं होतं, टोलनाक्यावर किती वेळ उभे होतात, पाय कसा चालवत होतात, मध्ये पेट्रोल कुठं भरलंत? पलीकडचा माणूस गप्प होतो. या प्रश्नांचा तक्त्याशी काय संबंध, हे फोनवर सांगायला वेळ पुरत नाही. म्हणून हे पुस्तक.

आधी तक्ता म्हणजे काय ते पाहू. इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे ईसीयूमध्ये, एक चौकटींचा पट असतो. आडव्या बाजूला इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या, उभ्या बाजूला इनटेक मॅनिफोल्डमधला दाब. सोळा ओळी, सोळा रकाने, म्हणजे २५६ घरं. बुद्धिबळाच्या पटाच्या चौपट. प्रत्येक घरात एक आकडा असतो आणि तो सांगतो की या फेऱ्यांना, या दाबाला सिलिंडर आपल्या मापाच्या किती टक्के हवा खरोखर आत घेतो. पुस्तकी नाव व्हॉल्यूमेट्रिक एफिशिअन्सी, गॅरेजमध्ये नुसतं ‘व्हीई’. हजार सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन घ्या. एका सिलिंडरचं माप अडीचशे सीसी. समुद्रसपाटीला, २० अंश तापमानाला तेवढ्या जागेत साधारण ०.३ ग्रॅम हवा मावते. पूर्ण थ्रॉटलच्या एखाद्या घरात ६० लिहिलं असेल, तर ०.१८ ग्रॅम हवा आली असं ईसीयू धरून चालतो आणि १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल या प्रमाणानं जेमतेम १२ मिलिग्रॅम पेट्रोल सोडतो. मोहरीच्या काही दाण्यांएवढं. आकडा चुकला तर चूक या मापाची, पण मिनिटाला हजारो वेळा.

सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपात बसलेला सेन्सर उरलेल्या प्राणवायूवरून सांगतो की मिश्रण कसं होतं. हे सांगण्याचं माप म्हणजे लॅम्डा. १ म्हणजे बरोबर, १ च्या वर म्हणजे पेट्रोल कमी, ‘लीन’. १ च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त, ‘रिच’. आपल्याला ०.९० हवा होता, ०.९९ आला, तर घरातले ६० दहा टक्क्यांनी वाढवून ६६ करायचे. शाळेतलं त्रैराशिक. सॉफ्टवेअरचं बटण एवढंच करतं, फक्त लाखभर नोंदींवर करतं.

गणित इतकं सोपं असल्यामुळे सगळ्यांचं लक्ष गणितावर जातं. माझं म्हणणं असं की या कामाची नव्वद टक्के अक्कल गणिताच्या आधी खर्च होते: कुठली नोंद तक्त्यापर्यंत पोचू द्यायची आणि कुठली दारातूनच परत पाठवायची, हे ठरवण्यात. आणि त्याच्याही आधी, गाडी अशी चालवण्यात की परत पाठवण्याजोग्या नोंदी कमी निघाव्यात.

जुन्या मिस्त्र्यांना हे निराळ्या भाषेत ठाऊक होतं. विल्हेल्म मायबाखनं १८९३ साली फवारा मारणारा कार्बोरेटर पुढे आणला, तेव्हापासून सत्तर-पंचाहत्तर वर्षं इंधनाचा तक्ता पितळेत कोरलेला होता. जेटचं भोक, सुईचा निमुळतेपणा, फ्लोटची उंची. कुर्ल्याला बनणाऱ्या पद्मिनी गाडीच्या सोलेक्स कार्बोरेटरमध्ये हात घालणारा मिस्त्री गाडी रस्त्यावर न्यायचा, एका गियरमध्ये एकाच रेसवर काही अंतर ओढायचा, तशीच चावी बंद करून क्लच दाबायचा आणि कडेला घेऊन प्लग खोलायचा. प्लगच्या चिनीमातीवर काजळी असेल तर रिच, पांढराफटक असेल तर लीन, बिस्किटाच्या रंगाचा असेल तर ठीक. यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट चावी बंद करणं ही होती. आयडलिंगवर गाडी घरंगळत परत आणली असती तर प्लगवर आयडलिंगचा रंग चढला असता आणि ज्या रेसबद्दल प्रश्न विचारला होता तिचं उत्तर पुसलं गेलं असतं. नोंद कधी थांबवायची, हे त्या माणसाला कळत होतं. आमच्याकडे सेकंदाला वीस नोंदी करणारी यंत्रं आहेत, आणि चावी बंद करायला मात्र आम्ही विसरतो.

पितळेतून तक्ता विजेत आला तो हळूहळू. अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीनं १९५० च्या दशकाअखेरीस इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन करून पाहिलं; ते टिकलं नाही, पण त्याचे हक्क घेऊन जर्मनीच्या बॉशनं १९६७ मध्ये डी-जेट्रॉनिक बाजारात आणलं. ‘डी’ म्हणजे ड्रुक, दाब. मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवेचा अंदाज बांधायचा. १९७० च्या दशकात आलेल्या एल-जेट्रॉनिकमधला ‘एल’ म्हणजे लुफ्ट, हवा. तिथं आत येणारी हवा एका झडपेवर ढकलून सरळ मोजायची. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यूच्या गाडीत मोट्रॉनिक आलं आणि इंधन व ठिणगी दोन्ही एका डोक्याखाली आली. या सगळ्यात माझ्या मते खरी उलथापालथ केली ती १९७६ च्या लॅम्डा सेन्सरनं. बॉशनं तो बनवला आणि व्होल्वोनं कॅलिफोर्नियात विकायच्या गाड्यांना आधी लावला, कारण धुरावरचे तिथले नियम सगळ्यात कडक होते. तोवर इंजिनाला पेट्रोल द्यायचं आणि पुढे काय झालं ते देव जाणे, असा कारभार होता. आता इंजिन मागे वळून बघू लागलं.

हा पहिला सेन्सर एका अर्थानं अर्धांध होता. लॅम्डा १ च्या अलीकडे की पलीकडे, एवढंच त्याला कळायचं. किती पलीकडे ते नाही. धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तेवढं पुरायचं. किती ते सांगणारा वाइडबँड १९९० च्या दशकात आला आणि आधी मुख्यतः प्रयोगशाळांत राहिला. तो सामान्य माणसाच्या खिशाला परवडू लागला, त्याच सुमारास, २००१ मध्ये, ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो या दोन अमेरिकनांनी मेगास्क्वर्ट नावाचा, घरी झाळून बनवायचा ईसीयू लोकांपुढे ठेवला. त्याच्या मागून स्पीडुइनोसारखे खुले प्रकल्प आले. म्हणजे तक्ता वाचायचं यंत्र आणि तक्ता लिहायचं यंत्र ही दोन्ही काही वर्षांच्या अंतरानं कारखान्याच्या कुंपणाबाहेर पडली. आपल्याकडे त्याच काळात मारुती ८०० च्या पाठीवर ‘एमपीएफआय’ ही इंजेक्शनची अक्षरं आली होती, आणि कार्बोरेटरचे मिस्त्री ‘आता काय, सगळं सीलबंद’ म्हणत पान्हे पुसत बसले होते.

या क्षेत्रात पंथ दोन प्रकारे पडतात. पहिला वाद हवा कशी मोजावी याचा. दाबावरून अंदाज बांधणारे, हवा सरळ मोजणारे, आणि नुसता थ्रॉटल किती उघडा आहे व फेऱ्या किती आहेत एवढंच पाहणारे, ज्याला अल्फा-एन म्हणतात. हा तिसरा प्रकार ऐकायला अडाणी वाटतो, पण एका सिलिंडरच्या मोठ्या इंजिनाला तो कधी कधी सगळ्यात प्रामाणिक पडतो. इंजिनीअरिंग कॉलेजांचे अनेक संघ आपल्या शर्यतीच्या गाडीत चाकणला बनणारं केटीएमचं ३७३ सीसीचं इंजिन लावतात. त्याचा मॅनिफोल्ड दर दोन फेऱ्यांत एकदा जोरात श्वास ओढतो. दाबाचा काटा इतका हिंदकळतो की कुठल्या क्षणाचा दाब खरा मानायचा हाच प्रश्न. त्यात स्पर्धेच्या नियमानं हवेच्या वाटेत २० मिलिमीटरचा गळा घातलेला. अशा इंजिनाच्या नोंदी चार सिलिंडरच्या पद्धतीनं गोळा केल्या की पोरं महिना घालवतात आणि मग सेन्सरला शिव्या देतात.

दुसरा वाद नोंदी कुठं घ्याव्यात याचा, आणि तो जास्त तापतो. डायनोवाले, म्हणजे रोलरवर गाडी जागच्या जागी पळवून मोजणारे, म्हणतात, रस्त्यावर काहीच स्थिर नसतं. ब्रेक लावून धरता येणाऱ्या डायनोवर गाडी चढवा, २५०० फेऱ्यांवर अडकवून ठेवा, एकेका घरात हवा तितका वेळ बसा. मोटार कंपन्यांची रीत मुळात हीच. इंजिन एकटं बाकावर, प्रत्येक बिंदूला स्थिर होईपर्यंत थांबायचं, मग पुढचा बिंदू. रस्तावाले म्हणतात, डायनोवर समोरून वारा नाही, बॉनेटखालची उष्णता खरी नाही, आणि गाडी काही डायनोवर चालवायला घेतलेली नाही. दोघंही खरं बोलतात. पण ज्याला डायनो परवडतो तो डायनोची बाजू घेतो, ज्याला परवडत नाही तो रस्त्याची, हेही तितकंच खरं.

रस्ता आणि प्रयोगशाळा यांच्यात अंतर किती असू शकतं, हे जगानं २०१५ मध्ये पाहिलं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या लोकांनी धूर मोजण्याचं फिरतं यंत्र फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांना जोडलं आणि त्या खऱ्या रस्त्यांवर चालवल्या. प्रयोगशाळेत पास होणाऱ्या गाड्या रस्त्यावर नायट्रोजनचे ऑक्साइड मर्यादेच्या कित्येक पट सोडत होत्या. तिथली चोरी मुद्दाम केलेली होती, ती गोष्ट वेगळी. आपल्या कामाला घेण्यासारखं एवढंच की ती पकडली गेली ती रस्त्यावर नीट गोळा केलेल्या नोंदींमुळे. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ पासून असलेल्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत मोटारींची चाचणी ज्या चक्रावर होत आली ते ११८० सेकंदांचं आणि ताशी ९० किलोमीटरपर्यंतच जाणारं. कात्रजच्या चढाला ट्रकमागे अडकलेली गाडी त्या चक्रात कुठून यावी? भारतातही २०२३ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना प्रत्यक्ष रस्त्यावरच्या धुराची चाचणी लागू झाली, ती याच दिशेनं.

माझा कल विचाराल तर रस्त्याकडे आहे, पण रस्ता खोटं बोलतो हे धरूनच. या पुस्तकाचा मोठा भाग त्या खोटेपणाच्या जातींवर खर्च झाला आहे, म्हणून त्यांची तोंडओळख इथं करून देतो.

पहिली जात उशिराची. पेट्रोल आत्ता फवारलं, ते आत गेलं, जळलं, धूर झडपेतून निघून पाइपातून सेन्सरपर्यंत आला, सेन्सरनं विचार केला आणि मग आकडा दिला. आयडलिंगच्या आसपास यात पाव ते अर्धा सेकंद सहज जातो. वरच्या फेऱ्यांना तो उशीर बराच घटतो. दुसऱ्या गियरमध्ये जोरानं रेस दिली आणि फेऱ्या सेकंदाला दीड हजारांनी चढू लागल्या, तर ०.३ सेकंदांत इंजिन साडेचारशे फेऱ्या पुढे गेलं. पाचशे फेऱ्यांना एक घर असेल तर जवळजवळ एक आख्खं घर ओलांडलं. सेन्सरची बातमी येते तेव्हा ईसीयू पुढच्या घरात बसलेला असतो आणि मागच्या घराचं बिल पुढच्याच्या नावावर फाडलं जातं. वरातीमागून घोडं. चांगलं सॉफ्टवेअर हा उशीर धरून नोंदी मागे सरकवतं, पण किती सरकवायचं ते प्रत्येक घरात वेगळं असतं. त्यापेक्षा सोपा उपाय चालकाच्या पायात आहे. फेऱ्या इतक्या सावकाश चढू द्यायच्या की अर्धा सेकंद मागे-पुढे झाला तरी घर तेच राहावं.

दुसरी जात ओलाव्याची. इंजेक्टरनं मारलेलं सगळं पेट्रोल लगेच सिलिंडरमध्ये जात नाही. काही इनटेकच्या भिंतीवर पातळ थर होऊन बसतं आणि मागाहून निघतं. फोर्डमधल्या अक्विनो यांनी १९८१ मध्ये याचं साधं गणित मांडलं: किती भाग भिंतीला चिकटतो आणि तो सुटायला किती वेळ लागतो, असे दोन आकडे. रेस एकदम दिली की भिंत पेट्रोल गिळते आणि नोंद लीन येते. एकदम सोडली की भिंत परत देते आणि नोंद रिच येते. यात तक्त्याचा काडीचा दोष नाही. थ्रॉटल हलत असताना आलेली नोंद तक्त्यासाठी फेकून द्यायची, हा नियम म्हणूनच. आणि उतारावर पाय उचलला की अनेक ईसीयू पेट्रोल पूर्णच तोडतात. तेव्हा सेन्सर नुसती हवा हुंगत असतो. त्या नोंदी गाळल्या नाहीत, तर सगळा लोणावळ्याचा उतार तक्त्यात ‘भयंकर लीन’ म्हणून जमा होतो. सिग्नलला बंद पडणाऱ्या निम्म्या गाड्यांचं दुखणं इथंच निघतं.

तिसरी जात उष्णतेची, आणि टोलनाक्यावर किती वेळ थांबला होतात हा प्रश्न तिच्यासाठी. गाडी उभी राहिली की बॉनेटखालचं लोखंड तापतं आणि हवेचं तापमान मोजणारा सेन्सरही त्याबरोबर तापतो. तो ६० अंश दाखवतो, खरी हवा ३५ अंशांची असते. गरम हवा विरळ म्हणून ईसीयू सुमारे आठ टक्के पेट्रोल कमी सोडतो. नोंद लीन येते, बटण दाबलं की आयडलिंगची घरं आठ टक्क्यांनी फुगतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड हवेत तीच गाडी काळा धूर सोडते. निघाल्यावर पहिली काही मिनिटं रेकॉर्ड करायचीच नाहीत, आणि टोलनाक्यानंतर पुन्हा तेवढीच सोडायची. इतकं सोपं, पण कुणी करत नाही.

चौथी जात इंजेक्टरची. विजेचा इशारा मिळाल्यावर इंजेक्टर उघडायला साधारण एक मिलिसेकंद घेतो, आणि बॅटरीचा दाब उतरला की आणखी जास्त. हा मेलेला वेळ ०.१ मिलिसेकंदानं चुकीचा भरला असेल, तर पूर्ण थ्रॉटलवर, जिथं फवारा दहा मिलिसेकंदांचा आहे, चूक एका टक्क्याची. आयडलिंगला, जिथं खरा फवारा दीडच मिलिसेकंद चालतो, तीच चूक सहा-सात टक्क्यांची. हेडलाइट आणि एसी लावल्यावर गाडीचा लॅम्डा हलतो अशी तक्रार आली की मी आधी तक्ता बघतच नाही.

पाचवी जात माझ्या स्वतःच्या पदरात पडलेली. एका ओळखीच्यांची जुनी गाडी होती. हलक्या रेसवर सतत लीन दाखवायची. मी तीन रविवार तिच्या मागे घालवले. दर वेळी खालची घरं वाढवली, दर वेळी सेन्सर म्हणाला, अजून द्या. चौथ्या आठवड्यात प्लग काजळले, अ‍ॅव्हरेज नऊवर आला आणि गाडीत बसलं की डोळे चुरचुरायचे. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्र्यानं आयडलिंगवर सायलेन्सरच्या तोंडाला फडक्याचा बोळा धरला आणि मला म्हणाला, ‘ऐका.’ एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून फुसफुस येत होती. धुराचे झोत तुटक असतात. दोन झोतांच्या मधे पाइप बाहेरची हवा आत ओढत होता आणि सेन्सर बिचारा तिचाच प्राणवायू मोजत होता. रेस वाढली की हे झाकलं जायचं. चोर सोडून मी महिनाभर संन्याशाला फासावर देत होतो. असाच फसवा प्रकार मिसिंगचा. ठिणगी चुकली की न जळलेली हवा जशीच्या तशी बाहेर येते आणि सेन्सर लीन म्हणतो, मिश्रण भले इतकं रिच असो की त्यामुळेच ठिणगी विझली. तेव्हा पेट्रोल वाढवणं म्हणजे बुडत्याला पाणी पाजणं.

यावरून घाबरून जायचं कारण नाही. घरं भरायला जे रस्ते लागतात ते आपल्याकडे मुबलक आहेत. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीचा चढ लागतो. तिसऱ्या गियरमध्ये पाय एका जागी रोवून, फेऱ्या सावकाश चढू देत गेलं की कमी फेऱ्या आणि जास्त दाब असलेली जी घरं सपाटीवर कधीच भेटत नाहीत ती एकामागून एक भरतात. येताना बोगदा, तिथं काही मिळत नाही. सोलापूर रस्त्यावर चौथ्या-पाचव्या गियरमध्ये हलका पाय ठेवून मधली घरं. एकच घर दोन दिशांनी गाठलेलं बरं, एकदा फेऱ्या चढत असताना आणि एकदा उतरत असताना. दोन्ही नोंदी जुळल्या तर उशिराचा हिशेब बरोबर बसला आहे. आणि इंजिन बहुतेक वेळा कुठल्याच घरात नीट बसत नाही, चार घरांच्या मधल्या अंगणात उभं असतं. ईसीयू चारही घरांचे आकडे अंतराप्रमाणे मिसळतो. म्हणून एखाद्या घरात किती नोंदी पडल्या यापेक्षा घराच्या मध्याजवळ किती पडल्या हे बघायचं. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण भात एकसारखा शिजला असेल तरच.

पूर्ण थ्रॉटल आणि वरच्या फेऱ्यांची घरं सार्वजनिक रस्त्यावर भरायची नाहीत. ती डायनोसाठी किंवा बंदिस्त ट्रॅकसाठी ठेवायची. लॅपटॉप बघणारा आणि गाडी चालवणारा ही नेहमी दोन माणसं असली पाहिजेत. यावर माझ्याशी कुणी वाद घालू नये.

हे सगळं आता का? एक कारण पेट्रोल पंपावरच आहे. आपल्या महाराष्ट्राच्या उसाचा बराच रस इथेनॉल होऊन टाकीत येतो. पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच. दहा टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला सुमारे १४.१, वीस टक्क्यांच्या मिश्रणाला १३.५ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला आता जवळपास चार टक्के जास्त इंधन हवं. नव्या गाड्यांचा ईसीयू सेन्सरच्या मदतीनं हे सांभाळून घेतो. कार्बोरेटर काढून इंजेक्शन बसवलेल्या हौशी गाडीत ते आपल्याला सांभाळावं लागतं, आणि दोन रविवारांच्या नोंदी दोन वेगळ्या पेट्रोलवरच्या असतील तर त्या एकत्र करून चालत नाही. मी हवा-इंधनाच्या प्रमाणाऐवजी सगळीकडे लॅम्डाच वापरतो ते यासाठीच. इंधन बदललं तरी १ म्हणजे १ राहतो.

दुसरं कारण जुन्या गाड्यांचं. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाल्या, आणि ज्या काही पद्मिनी, जुन्या ८०० लोकांच्या पडवीत उरल्या आहेत त्यांना आता जेट मिळत नाहीत, जेट वाचणारे मिस्त्रीही नाहीत. त्यांना इंजेक्शन लावून जगवणारी तरुण मंडळी हा या पुस्तकाचा एक वाचक. दुसरा वाचक कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर फॉर्म्युला भारत या कॉलेजांच्या स्पर्धेला गाडी घेऊन जाणारा विद्यार्थी. रस्त्यावरच्या नोंदणीकृत गाडीच्या मूळ बनावटीत मनाजोगते फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत, हे पहिल्या वाचकानं काम हाती घेण्याआधी वाचावं. धुराची चाचणी तर कुणालाच चुकत नाही.

पुस्तकाची मांडणी मी नोंद तक्त्याकडे जाते त्या वाटेनं ठेवली आहे. आधी गाडी निरोगी आहे का, मग सेन्सर खरं सांगतो का, मग गाडी कशी चालवायची, मग काय फेकायचं, आणि सगळ्यात शेवटी गणित. ठिणगीचा तक्ता इथं नाही. नॉकिंग ऐकायला शिकवणं हा वेगळा विषय आहे आणि चुकलं तर पिस्टन जातो. टर्बोबद्दल एकच प्रकरण आहे. ते अपुरं वाटेल, आणि ते खरंच अपुरं आहे. कुठल्याही एका ईसीयूची बटणं मी शिकवलेली नाहीत, कारण बटणं दर दोन वर्षांनी बदलतात. आपोआप तक्ता सुधारणाऱ्या सोयींबद्दल मी थोडं कडवट लिहिलं आहे अशी तक्रार हस्तलिखित वाचणाऱ्या एका मित्रानं केली. मी ते वाक्य दोनदा मवाळ केलं आणि तिसऱ्यांदा पहिल्यासारखं करून टाकलं. त्या सोयी चांगल्या आहेत. फक्त त्यांना गाळण्याचे नियम आपल्याला द्यावे लागतात, आणि बहुतेक जण ते रकाने मोकळे सोडतात.

पुस्तकाच्या शेवटी काही कोरी पानं आखून दिली आहेत. तारीख, पेट्रोल कुठं भरलं, बाहेरचं तापमान, गाडीत माणसं किती, कुठला रस्ता, कोण चालवत होतं. माझ्या स्वतःच्या पहिल्या वहीत असले रकाने नव्हते. तिच्या पहिल्या पानावर एवढंच लिहिलंय: ‘रविवार, खंबाटकी, ठीक.’ गाडी कुठली होती, हेही आता आठवत नाही.